शासन आणि गाभारा : उंबरठा कोठे असावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. काही ठिकाणी संक्षेप केला आहे.)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याने संस्थेचे गुणगान करावे, असा शिष्टाचार आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा रसाळ वाणीने केले आहे. मी सारे आयुष्य सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात काढले. दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका शोधणे हाच माझा व्यवसाय. आज मात्र स्वतःच्या वहीतील एक चूक आपल्यापुढे ठेवून प्रारंभ करतो.

मंडळ लहान होते तेव्हाची ही गोष्ट. मी खजिनदार होतो. वार्षिक वर्गणी एकच, आणि तीतूनच संक्रांतीचा तिळगूळ, महाराष्ट्र दिनाचे नाटक, गणेशोत्सव आणि सत्यनारायण असा सगळा खर्च भागत असे. एका सर्वसाधारण सभेत नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी इकडे आलेले एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ उभे राहिले. गणपतीच्या मंडपाची वीजजोडणी सलग नऊ वर्षे तेच विनामूल्य करीत होते. त्यांनी सौम्य शब्दांत विचारले, "खजिनदारसाहेब, माझ्या वर्गणीतला किती भाग पूजेकडे जातो, हे वहीत वेगळे दाखवता येईल का?" मी म्हणालो, "अहो, इतका हिशेब कशाला? देव सगळ्यांचाच आहे." सभेत टाळ्या पडल्या. ते गृहस्थ खाली बसले.

त्या टाळ्या मला पुष्कळ दिवस गोड वाटल्या. पुढे कळले की, ज्या प्रश्नाला मी विनोदाने वाटेला लावले, तोच प्रश्न आपल्या राज्यघटनेच्या २७ व्या अनुच्छेदात गंभीरपणे मांडलेला आहे. ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेले असेल, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. जी काळजी घटनाकारांनी कोट्यवधींच्या देशासाठी घेतली, ती आम्ही दोनशे कुटुंबांच्या मंडळात घेतली नव्हती. म्हणून धर्म आणि राज्यसंस्था यांच्या फारकतीचा विषय मी आज निवडला आहे. तो संसदेपुरता मर्यादित नाही. आपल्या वहीपर्यंत येऊन पोचणारा आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. आपल्याकडे या कल्पनेसाठी एक शब्द कधी स्थिरावलाच नाही. जुनी वृत्तपत्रे 'निधर्मी राज्य' म्हणत, विचारवंत 'इहवाद' म्हणत, गांधीजींच्या परंपरेतील मंडळी 'सर्वधर्मसमभाव' म्हणत. या मंडळाचा जन्म झाला त्याच दशकात, १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे विशेषण उद्देशिकेत दाखल झाले. मराठी पाठात ते 'धर्मनिरपेक्ष' आहे, तर हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष'. एकाच कल्पनेला दोन भगिनीभाषांत दोन नावे पडावीत, यातच आपल्या मनातील संदिग्धता दिसून येते.

युरोप-अमेरिकेत ही कल्पना निराळ्या गरजेतून जन्मली. तेथे चर्च ही स्वतंत्र संघटना होती. तिचे प्रमुख, तिचा कायदा, तिची न्यायालये, तिची जमीन. राजसत्ता आणि धर्मसत्ता अशा दोन सत्ता समोरासमोर उभ्या होत्या. म्हणून त्यांच्यामध्ये भिंत घालण्याची भाषा तेथे सुचली. अमेरिकेने १७९१ साली घटनादुरुस्ती करून अधिकृत धर्म स्थापन करण्यास मनाई केली. फ्रान्सने १९०५ साली कायद्याने चर्चशी आर्थिक संबंध तोडले. इंग्लंडमध्ये मात्र आजही राजा हाच राष्ट्रीय चर्चचा प्रमुख असतो आणि वरिष्ठ सभागृहात २६ धर्माधिकाऱ्यांना जागा आहेत. तरीही तेथील नागरिकाला धर्मस्वातंत्र्य नाही, असे कोणी म्हणणार नाही. तात्पर्य, तत्त्व एक असले, तरी व्यवहाराचे साचे देशोदेशी निराळे आहेत.

आपल्याकडे सर्व हिंदूंची अशी एक संघटना कधीच नव्हती. होते ते देवालय, त्याचे पुजारी, आणि त्याला इनामे व सनदा देणारा राजा. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर इंग्रजांनी ती काही काळ चालू ठेवली. मग हळूहळू तो पैसा विद्येकडे वळवला आणि त्यातूनच पुढे मराठी ग्रंथांना पारितोषिके देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. पुढे १८६३ च्या कायद्याने इंग्रज सरकारने देवस्थानांच्या प्रत्यक्ष कारभारातून अंग काढून घेतले. पण अंग काढून घेतल्याने प्रश्न सुटला का? देवळाचे दार कोणासाठी उघडे आणि देवळाचा पैसा कोणाच्या हाती, हे दोन्ही प्रश्न जागच्या जागी राहिले. फक्त त्यांना जाब विचारणारा कोणी उरला नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, म्हणजे याच शहरात बसून घटनाकारांनी काय केले, त्याचा अर्थ उलगडतो. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शाह यांनी घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात हे विशेषण घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. पण त्याच घटनासमितीत, काही आठवड्यांतच, २ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांनी अत्यंत मूलगामी विचार मांडला. आपल्या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सारे जीवन व्यापून बसली आहे. तिला मर्यादा घातली नाही, तर विधिमंडळाला कोणतीच सामाजिक सुधारणा करता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

म्हणून आपल्या घटनेत भिंत नाही, उंबरठा आहे. २५ व्या अनुच्छेदाने श्रद्धेचे आणि आचरणाचे स्वातंत्र्य दिले. त्याच अनुच्छेदाने धर्माशी निगडित अशा आर्थिक व लौकिक व्यवहारांचे नियमन करण्याचा, आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व हिंदूंना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला. २६ व्या अनुच्छेदाने संप्रदायांना धर्मविषयक कारभार सोपवला, मात्र मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार चालेल असे बजावले. २८ व्या अनुच्छेदाने संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली. माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर दार आणि वही यांवर राज्याची नजर असावी. गाभारा भक्तांचा असावा. मला आज जे काही म्हणायचे आहे, ते एवढेच. मात्र हे वाक्य उच्चारायला जितके सोपे, तितकेच आचरायला अवघड. त्यासाठी आपल्याच माणसांची उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण वहीचे. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल सोमनाथला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर केंद्रीय मंत्रिमंडळातील आपले काकासाहेब गाडगीळ होते. बांधकाम खाते त्यांच्याकडे होते आणि भग्न मंदिराच्या पुनर्निर्माणाची कल्पना त्यांनी उत्साहाने उचलून धरली. सरकारने मंदिर बांधावे, असा त्या उत्साहाचा सहज अर्थ होता. त्याच महिन्यात दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी सांगितले की, मंदिर अवश्य व्हावे, पण त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा घेऊ नये. लोकांनी तो द्यावा. सरदारांनी ते मान्य केले आणि मंदिर न्यासामार्फत, लोकवर्गणीतून उभे राहिले. या प्रसंगात कोणाच्याही श्रद्धेचा अधिक्षेप झाला नाही. फक्त खर्च कोणत्या वहीत टाकायचा, एवढेच ठरले. अर्थात व्यवहार तेथेही निखळ राहिला नाही. १९५१ च्या प्रतिष्ठा समारंभासाठी सौराष्ट्र सरकारने पाच लाख रुपये ठेवले, त्याला पंडित नेहरूंनी हरकत घेतली. आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी समारंभास जावे की जाऊ नये, यावरून दोघांत मतभेद झाले. राष्ट्रपती गेले. दोघेही थोर, दोघेही प्रामाणिक. उंबरठा कोठे, एवढ्याबद्दलच त्यांचे एकमत नव्हते.

दुसरे उदाहरण दाराचे. रफी मार्गावरील मावळणकर सभागृह आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या नावाचे धनी दादासाहेब मावळणकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. मे १९४७ मध्ये, ते केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष असताना, पंढरपुरात साने गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले होते. विठ्ठलाच्या दारात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला कळसाचे दर्शन घेऊन परतावे लागे, हे त्यांना असह्य झाले होते. मावळणकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींशी बोलणी केली, आणि सुमारे दहा दिवसांनी उपोषण सुटले, दार उघडले. त्याच वर्षी मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. येथे राज्यसंस्थेने देवाची पूजा केली नाही आणि देवाला नाकारलेही नाही. तिने दारातला अडसर काढला, एवढेच.

हा अडसर पुढे न्यायालयातही निघाला. अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिराच्या अनुयायांनी आपला संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा असल्याने मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही, असा दावा केला होता. १९४८ साली दाखल झालेल्या त्या दाव्याचा अखेरचा निकाल १४ जानेवारी १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश होते आपले साताऱ्याचे गजेंद्रगडकर. दावा फेटाळला गेला. पन्नास वर्षांनी, २०१६ साली, शनी शिंगणापूरच्या चौथऱ्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या त्याच प्रकारच्या कायद्याचा आधार घेऊन सांगितले की, जेथे पुरुषाला जाता येते, तेथे स्त्रीलाही जाता आले पाहिजे. एका पिढीने जातीसाठी उघडलेले दार दुसऱ्या पिढीला स्त्रियांसाठी उघडावे लागले.

आता तिसरे उदाहरण, आणि ते सर्वांत नाजूक. कारण तेथे दार, वही आणि गाभारा तिन्ही एकत्र येतात. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क नष्ट करणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम महाराष्ट्राने १९७३ साली केला. भाविकांच्या तक्रारी पुष्कळ होत्या, नाडकर्णी आयोगाचा अहवाल पुढ्यात होता. पण न्यायालयीन लढाई इतकी लांबली की, सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १५ जानेवारी २०१४ रोजी लागला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या पुरुषांना आणि स्त्रियांनाही पाचारण केले. ज्या गाभाऱ्याच्या दारासाठी गुरुजी उपाशी बसले, त्या गाभाऱ्यातील सेवाही आता जन्मावर अवलंबून राहिली नाही. हे मोठे काम झाले, याबद्दल मला शंका नाही.

तथापि लेखापरीक्षकाने जमेबरोबर खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. वंशपरंपरेचा हक्क गेला आणि सरकारनियुक्त समिती आली. सरकार बदलले की समितीत कोणाची वर्णी लागते, याची चर्चा सुरू होते. बडव्याचा जाब राज्याने विचारला. राज्याचा जाब कोण विचारणार? वहीवर देखरेख ठेवणारा जर स्वतःच वहीचा मालक होऊन बसला, तर तो धर्म आणि राज्य यांची फारकत करीत नाही. जुन्या मालकाच्या जागी नवा मालक आणतो. चर्च, मशीद, गुरुद्वारा, देऊळ यांपैकी कशाला किती शासकीय देखरेख असावी, याला एकच माप हवे, ही मागणीही त्याच कारणाने रास्त आहे. मात्र ते माप सर्वांना सारखे आवळणारे नव्हे, तर सर्वांना सारखी मोकळीक देणारे आणि सर्वांकडून सारखा हिशेब मागणारे असावे.

आणि पंढरपूरची शासकीय महापूजा? आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक पूजा करतात आणि रांगेत उभ्या असलेल्या एका वारकरी दांपत्याला त्यांच्यासमवेत पूजेचा मान मिळतो. १९७० च्या सुमारास समाजवादी मंडळींनी, निधर्मी राज्याच्या प्रमुखाने शासनाच्या नावे पूजा करावी काय, असा आक्षेप घेतला आणि पूजा काही काळ थांबली. नेमका १९७२ चा दुष्काळ पडला. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला आणि पूजा पुन्हा सुरू झाली. दुष्काळाचा कार्यकारणभाव हवामानखात्याकडे सोपवू. पण १९७० चा प्रश्न दुष्काळाने सुटला नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर मला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. लाखोंच्या वारीला पाणी, रस्ते, दवाखाने, शौचालये पुरवणे हा राज्याचा धर्म आहे. तो विठ्ठलाप्रीत्यर्थ नसून नागरिकाप्रीत्यर्थ आहे. नाशिकचा सिंहस्थ असो, माहीमचा उरूस असो, की वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा, जेथे माणसे जमतात तेथे हे कर्तव्य आलेच. मुख्यमंत्री विठ्ठलभक्त असतील, तर त्यांनी अवश्य दर्शन घ्यावे. पद मिळाले म्हणून कोणाची भक्ती जप्त होत नाही. पण पूजेतील यजमानपद हे राज्याचे नव्हे. २०१८ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला गेले नाहीत. देवळातील महापूजा त्या वर्षी रांगेतल्या वारकरी दांपत्याच्या हस्ते झाली. पूजेत काही उणे राहिले, असे एकाही वारकऱ्याने म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मला वाटते, कोणत्याही सिद्धान्ताचा आधार न घेता त्या पहाटे उंबरठा आपोआप आपल्या जागी आला होता.

एका बाजूचेच ऐकवले, असा आक्षेप कोणी घेऊ नये, म्हणून चौथे उदाहरण. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. एका बैठकीतील तीन शब्दांच्या तलाकाविरुद्ध आणि समान कायद्यासाठी तो मोर्चा होता. सात स्त्रिया! १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. १९८५ साली शाहबानो खटल्याचा निकाल लागला. पण पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून त्या निकालाची धार बोथट केली. त्या सात स्त्रियांच्या मागणीला सर्वोच्च न्यायालयाकडून अंशतः उत्तर मिळाले २२ ऑगस्ट २०१७ रोजी. म्हणजे एकावन्न वर्षांनी. तसाच प्रकार हिंदू कायद्याबाबतही झाला होता. हिंदू स्त्रीला वारसा आणि घटस्फोट यांचे हक्क देणारे विधेयक रखडले, म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. संख्येने जास्त असलेल्यांच्या रोषाला भिणारे राज्य आणि कमी असलेल्यांच्या मतांना भिणारे राज्य, दोन्ही सारखीच दुबळी. किंमत दोन्ही ठिकाणी मोजावी लागली ती स्त्रियांना.

मग सामान्य माणसाने ओळखायचे कसे, की राज्य आपल्या मर्यादेत आहे किंवा नाही? मी एक साधी कसोटी वापरतो. समोर जो काही शासकीय निर्णय असेल, त्यातील धर्माचे नाव बदलून पाहायचे. आपल्या दैवताच्या जागी शेजाऱ्याचे दैवत घातले, तरीही तो निर्णय आपल्याला पटतो का? पटला, तर तो न्याय्य आहे. नाही पटला, तर आपण तत्त्वाच्या बाजूने नव्हतो. केवळ आपल्या बाजूने होतो.

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांना ही कसोटी जड जाऊ नये. महाराष्ट्रात आपली भाषा, आपले सण, आपला देव यांना कोणी परवानगी मागायला लावत नाही. येथे मंडप घालायचा, तर अर्ज करावा लागतो, मिरवणुकीचा मार्ग ठरवून घ्यावा लागतो. रामकृष्णपुरमच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला उभे राहिल्यावर आपल्या लक्षात येते की, आपण या महानगरातले मूठभर आहोत. संख्येने थोडे असणे म्हणजे काय, ते आपण जाणतो. निदान आपण तरी आपल्यापेक्षा थोडे असलेल्यांना विसरता कामा नये.

आता माझ्या वहीकडे परत येतो. त्या सभेनंतर तीन वर्षांनी घटना दुरुस्त करून आपण दोन वह्या केल्या. मंडळाची वर्गणी भाषा, नाटक, वाचनालय आणि मुलांचे मराठी वर्ग यांसाठी. पूजाअर्चेसाठी स्वतंत्र, ऐच्छिक उत्सवनिधी. पूजा बंद पडली नाही. प्रसादही कमी पडला नाही. परंतु तोपर्यंत त्या गृहस्थांची बदली झाली होती. दुरुस्त झालेली वही त्यांनी पाहिली नाही. 'आपला प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चुकले होते', अशी दोन ओळींची चिठ्ठी मी त्यांना लिहायला हवी होती. पत्ता मिळवणे कठीण नव्हते. मी लिहिली नाही. खजिनदाराच्या अहंकाराला दुसरे नाव नाही.

देव सगळ्यांचाच आहे, हे मी आजही मानतो. पण ते वाक्य ज्याने म्हणायचे, तो भक्त. खजिनदाराने म्हणायचे नाही. खजिनदाराने वही उघडून दाखवायची. सरकारचेही तसेच आहे.

पुढील पन्नास वर्षांत या मंडळाची सूत्रे ज्यांच्या हाती जातील, त्या तरुण मित्रांना एवढेच सांगणे आहे की, सर्वसाधारण सभेत कोणी एकटा माणूस उभा राहून असा प्रश्न विचारील, तेव्हा टाळ्यांची घाई करू नका. प्रथम वही काढा.

 मंडळाच्या शतकमहोत्सवाला माझ्या शुभेच्छा आजच देऊन ठेवतो.